तोंड आलं, ट्यूब द्या

सेलूच्या मुख्य रस्त्यावर माझं मेडिकल आहे. काउंटरच्या खणात एक दोनशेपानी वही असते. मागच्या पानांवर उधारी, पुढच्या पानांवर ही टिपणे. उधारी वेगाने पुढे सरकते आहे, त्यामुळे टिपणांना जागा फार उरलेली नाही.

*

सकाळचे साडेनऊ. पंचविशीतला पोरगा, गाडी चालूच ठेवून.

"भाऊ, ते तोंडात लावाची ट्यूब द्या न."

"तोंड आलं?"

"हो जी. तिखट लय झोंबते."

"कधीपासून?"

"झाले असन दोन-तीन मयने."

बोलताना तो खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत होता. म्हटलं, थुंकून ये, चूळ भर आणि तुझी तीन बोटं जोडून उभी तोंडात घालून दाखव. हसला. मग करून पाहिलं. दोन बोटं गेली, तिसरं अडलं. हसू मावळलं.

ट्यूब दिली नाही. सेवाग्रामला दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या ओपीडीत जा म्हणून सांगितलं. "जातो," म्हणाला. गाडी गेली त्या दिशेला सेवाग्राम नव्हतं.

*

समोरच्या पानठेल्यावर खर्रा कसा होतो ते मी रोज पाहतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत टाकायचा. पन्नी फळीवर ठेवून तळहाताने घोटायची, सुपारी ओलसर, काळपट होईपर्यंत. मग पुडीला रबर. गिऱ्हाईक रबर काढतं, पुडी नाकाशी नेतं, चिमूट गालात जाते. एक पुडी दोन-तीन तास पुरते, म्हणजे गालाची तीच जागा दोन-तीन तास भिजत राहते. चुना आतली कातडी सोलतो, सुपारीतलं अरेकोलीन खाली तंतू विणत जातं, तंबाखू उरलेलं काम करतो. तोंड उघडेनासं होतं ते त्या तंतूंमुळे.

"मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी," असं सांगणारे पुष्कळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला, तंबाखू नसला तरी, २००४ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. गावात ही बातमी अजून पोचायची आहे.

*

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी. वर्धा जिल्ह्यात तर गांधींचा जिल्हा म्हणून दारूचीही बंदी. दारू पिणारा निदान इकडेतिकडे बघून पितो. खर्रा सासऱ्यासमोर, सरपंचासमोर, मास्तरासमोर चालतो. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांत २४ जण तंबाखू चघळणारे निघाले, ओढणारे चारसुद्धा नाहीत. आपल्याकडचा कॅन्सर धुराचा कमी, गालाचा जास्त.

*

जुनी बिलं चाळताना सापडलं: एका माणसाला मी चार महिन्यांत सात ट्यूब विकल्या. एकदा बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्याही दिल्या. आठव्या वेळी तो आला नाही, त्याची बायको उपचारांच्या सरकारी योजनेचे कागद झेरॉक्स करायला शेजारच्या दुकानात आली. अर्धा जबडा काढावा लागला. आता तो ताक, पेज, वरणाचं पाणी घेतो, गालफडाला रुमाल लावून. त्याच्यासाठी मी स्ट्रॉचं पाकीट ठेवतो. पैसे घेत नाही, याचं त्याला फार कौतुक वाटतं. मला त्याचं कौतुक ऐकवत नाही.

*

सेलू नेमकं मधे आहे. पवनारवरून वर्ध्याकडे गेलं की सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय. उलट, केळझर-बुटीबोरी करून नागपूरकडे निघालं की जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, पुढे शहरात तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल. दोन्हीकडे एस.टी. जाते. इतकी हॉस्पिटलं इतक्या जवळ असलेली तालुक्याची ठिकाणं विदर्भात थोडी. गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या माणसाने उशीर झाला म्हटलं तर मी ऐकून घेईन. आम्हाला ती सोय नाही.

*

आमच्याकडे उशीर महिन्यांत मोजत नाहीत, पिकांत मोजतात.

"सोयाबीन घरी येऊ द्या, मंग दाखवतो."

"येचणी आटपली का जातो."

"तूर निघाली का."

"पोरीचं लगन होऊ द्या, भाऊ. आता काही काढू नका."

सोयाबीन ते तूर हे चार महिने. एका बाईने छातीतली गाठ या चारही मुक्कामांवरून नेली. "दुखत तं नव्हती जी," हे तिचं उत्तर. दुखत नव्हती म्हणूनच दाखवायला हवी होती, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. अशी गोष्ट पुरुष दुकानदाराला कोण सांगणार?

सेवाग्रामच्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना विचारून अभ्यास केला होता. गाठ लागल्यापासून डॉक्टरकडे येईपर्यंत जवळपास निम्म्या बायकांनी तीन महिन्यांहून जास्त काळ घालवला होता. मला आकड्याचं नवल वाटलं नाही. माझ्या हिशेबात ते एक सोयाबीन होतं.

*

वर्धा जिल्ह्याची स्वतःची कर्करोग नोंदणी आहे. कुणाला, कुठला, कोणत्या गावात, हे वर्षानुवर्षं लिहून ठेवायचं. भारतात खेड्यांसाठी हे काम पहिल्यांदा सुरू झालं तेही मराठी मुलखात, बार्शीला, १९८७ मध्ये. नोंदणीने कुणी बरं होत नाही. पण कुठल्या गावात काय जास्त आहे हे कळल्याशिवाय गाडी कुठे पाठवायची तेही कळत नाही. दुकानाचं स्टॉक रजिस्टर जसं.

*

बार्शीच्या त्याच मंडळींनी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या आणि परदेशी तज्ज्ञांच्या जोडीने उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा प्रयोग केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी कुठली तपासणी खरी उपयोगी? एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची व्हिनेगरसारखं पाणी लावून डोळ्यांनी, चौथ्या गटाला नेहमीची सेवा. निकाल २००९ मध्ये छापून आला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

जग आज ज्या तपासणीचा आग्रह धरतं तिचा मोठा पुरावा मराठवाड्यातल्या लुगडं नेसलेल्या बायकांनी दिला. आमच्या तालुक्यातल्या किती बायकांची ती तपासणी झाली? दुकानात येणाऱ्यांपैकी वीस जणींना बायकोने विचारलं. एकीची झाली होती, तीही मुलीकडे पुण्याला गेली तेव्हा.

*

एचपीव्हीच्या लसीची गोष्ट आणखी गमतीची. २००९ मध्ये देशात काही ठिकाणी मुलींना दोन डोस द्यायचे की तीन, असा अभ्यास सुरू झाला. बार्शी, पुणे, मुंबई ही त्यातली केंद्रं. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद झाला आणि सरकारने सगळंच लसीकरण थांबवलं. हजारो मुलींचा एकच डोस होऊन राहिला. संशोधकांनी त्यांची पाठ सोडली नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. दहा वर्षांनी दिसलं ते असं की त्या एका डोसचं संरक्षण टिकून होतं. आता जागतिक आरोग्य संघटनाही एक डोस चालेल म्हणते. अडलेल्या कामातून एवढं मोठं उत्तर निघालं.

पुण्याच्या सीरमने स्वतःची लस काढली, २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. एका बापाने विचारलं, "पोरीले काहून? तिले काही झालं नाही न?" काही होण्याआधी द्यायची म्हणून तिला लस म्हणतात, एवढंच मी सांगू शकलो.

*

हाताने तपासण्याबद्दल. टाटाने मुंबईच्या वस्त्यांत वीस वर्षं दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले, त्याहून लहान वयात तसा फरक दिसला नाही. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, सुई नाही, शिकवलेले दोन हात. आमच्याकडे आशाताई आहेत, त्यांना हातही आहेत. त्यांच्या हातात रजिस्टरं आहेत, ही अडचण.

*

परकराची नाडी.

२०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून दोन म्हाताऱ्या बायकांची हकिगत इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक सत्तरीची, कमरेच्या उजव्या अंगाला जखम, दीड वर्ष भरेना. दुसरी साठी ओलांडलेली, चाळीस वर्षं लुगडं कमरेला घट्ट आवळून नेसणारी. दोघींच्याही जखमेत कातडीचा कॅन्सर निघाला. नाडीचा काच, घाम, खाज, काळा पडलेला पट्टा, मग जखम, मग वर्षानुवर्षं तिच्यावरच पुन्हा नाडी.

हे नवं नाही. डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्येच 'धोतराच्या कॅन्सर'ची नोंद केली होती. पुरुषांनी धोतर सोडलं, पॅन्ट घातली, तो आजार विरळ झाला. बायकांची नाडी तशीच राहिली.

टिपण वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "आमाले नाडीचा पट्टा काळा नसन तं बाई कशाची?" तिने त्या दिवसापासून नाडी सैल केली की नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

*

घोराडचे एक काका. जिभेच्या कडेला ज्वारीएवढा चट्टा, डेंटिस्टला दाखवला, पंधरा दिवसांत ऑपरेशन. घरचे चिडलेले: "बिमारी जिभेले, मान काहून कापली?"

यालाही उत्तर टाटाचंच. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास, २०१५. तोंडाचा कॅन्सर लहान असतानाच मानेतल्या गाठीही पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी शंभरातले ८० जिवंत. मानेत गाठ दिसेपर्यंत वाट पाहिली तर ६७ च्या आसपास. त्याआधी जगभरचे सर्जन यावर वर्षानुवर्षं भांडत होते. काकांच्या मानेवरचा व्रण म्हणजे त्या भांडणाचा निकाल. काका दर सोमवारी कांदे घेऊन बाजारात असतात.

*

तपासणीसाठी तुकडा काढला की बिमारी पसरते. लोखंड लागलं की भडकते. हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. खरं असं घडतं: माणूस शेवटच्या टप्प्यावर जातो, तुकडा काढतात, महिन्या-दोन महिन्यांत तो जातो. गाव त्यातला तुकडा लक्षात ठेवतं, आधीचं वर्ष विसरतं.

*

माझ्या कपाटात मेथोट्रेक्सेट आहे, संधिवातवाल्यांसाठी. सेलेकॉक्सिब आहे, दुखण्यासाठी. दोन्ही जुन्या, स्वस्त गोळ्या. टाटाच्या डॉ. विजय पाटील यांच्या गटाने याच दोन गोळ्या तोंडा-घशाच्या पसरलेल्या कॅन्सरला देऊन पाहिल्या, शिरेतून द्यायच्या नेहमीच्या किमोच्या तुलनेत. २०२० चा निकाल: किमोवाले सरासरी ६.१ महिने जगले, गोळ्यावाले ७.५. फरक जवळपास दीड महिन्याचा. वाचून आधी निराश झालो. मग विचार केला, हा दीड महिना घरी, सलाईन न लावता मिळालेला आहे.

पुढे याच गटाने अशाच गोळ्यांच्या जोडीला निवोलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं महागडं इंजेक्शन दिलं. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. यांनी २० मिलिग्रॅम दिलं, दर तीन आठवड्यांनी. १५१ रुग्ण. वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. चिमूटभर मीठ टाकून चव बघावी तसा प्रयोग. औषध कंपन्या असा प्रयोग स्वतःहून करणार नाहीत. बाटली कमी खपावी असं कोणत्या विक्रेत्याला वाटेल? मी विक्रेता आहे, मला माहीत आहे.

*

लिग्नोकेन. दात काढताना गाल सुन्न करतं ते. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाचं ऑपरेशन सुरू करण्याआधी सात ते दहा मिनिटं हे गाठीच्या भोवती टोचलं. देशातली ११ केंद्रं, दीड हजारावर बायका, निकाल २०२३. सहा वर्षांनी जिवंत असणाऱ्या ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ वर. इतर देशांतही हे पडताळून बघायला हवं. पण शंभरात जवळपास चार जणी, आणि औषधाची किंमत चहा-नाश्त्याएवढी. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग सगळ्यायले काहून देत नाही?"

*

दुसऱ्या टोकाची बातमी. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून रक्ताच्या काही कॅन्सरांसाठी कार-टी उपचार देशात तयार केला. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचं, वाढवायच्या, परत सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सोहळा. अमेरिकेत याला तीन-चार कोटी लागतात, इथे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. दहावा हिस्सा म्हणजेही तीस-चाळीस लाख. आमच्याकडे तेवढ्यात कोरडवाहू जमीन किती एकर येते याचा हिशेब गिऱ्हाइकाने काउंटरवरच करून दाखवला. तरी बातमी आनंदाची. मोबाइलही पहिल्यांदा श्रीमंतांच्याच खिशात होता.

*

शेक. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात, कुणी लाइट म्हणतं. तोंडाच्या कॅन्सरचा शेक तिसेक दिवस, आठवड्यातून पाच दिवस. शेक पाच-दहा मिनिटांचा, जाणं-येणं-थांबणं धरून दिवस जातो. सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. योजनेत शेक फुकट, मजुरी योजनेत नाही.

म्हणून मला मोठी वाटलेली प्रगती अशी: स्तनाचा शेक पूर्वी पंचवीस दिवसांचा असे, आता पुष्कळ ठिकाणी पंधरा दिवसांत आटपतो. इंग्लंडच्या २०२० च्या अभ्यासात तर निवडक बायकांना पाच दिवस पुरले. दहा दिवस वाचले म्हणजे दोन माणसांची मिळून वीस दिवसांची मजुरी वाचली.

*

खिशातल्या गोष्टी, कुणी विचारलं तर सांगायला: महात्मा फुले जनआरोग्य योजना (२०१२ ला राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली), रेशन कार्ड आणि आधार सोबत न्यायचं, कार्डावरचं आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते आधी बघायचं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपरचं तिकीट माफ, सोबत्याला मोठी सूट. फॉर्म हॉस्पिटलातून सही करून आणायचा. मुंबईला टाटात गेलंच तर दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे.

सेवाग्रामच्या दवाखान्याने एके काळी खेड्यांसाठी आरोग्य विमा काढला होता, हप्ता सुगीनंतर ज्वारीत. माणसाकडे ज्या मोसमात जे असतं ते मागावं, हे त्यांना कळलं होतं.

*

तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनेच गेले. नागपूरच्या हॉस्पिटलला त्यांचं नाव आहे. म्हणून आमच्याकडे कुणी "तुकडोजीत नेलं" म्हटलं की पुढचं विचारत नाहीत, मुंबईकडे "टाटाला नेलं" म्हणतात तसं. आजाराचं नाव तोंडातून निघत नाही, दवाखान्याचं निघतं. घरोघरी ज्यांची भजनं होतात त्या महाराजांना जो आजार झाला, त्याची आपण लाज कशाला बाळगावी?

*

हळद. वायगावची हळद आपल्याच जिल्ह्यातली, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारतं, हे खरं. पोटातून रक्तात ते नावापुरतं पोचतं, हेही खरं. दुधात घ्या, भाजीत घाला, किमोच्या ऐवजी घेऊ नका.

*

मॉर्फिन माझ्या कपाटात नाही, ठेवता येत नाही. २०१४ मध्ये कायदा सुधारला, मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. गेल्या वर्षी एक मुलगा रात्री साडेअकराला शटर वाजवत आला. बाप दुखण्याने ओरडत होता. मी नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या. तेवढ्याने ते दुखणं थांबत नाही, हे त्यालाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यातून मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या. बाप तीन आठवडे जगला, झोपून, बोलून. मुलाला वाटत होतं हे शेवटचं औषध, दिलं की माणूस जातो. डॉक्टर लवकर लिहून देतील, घरचे लवकर मागतील, तर शेवटच्या महिन्यांतला आरडाओरडा बराचसा टळेल. एवढ्या मोठ्या संशोधनाच्या गोष्टी लिहिल्या, आणि वेदनेची ही साधी गोळी अजून रात्री साडेअकराला मिळत नाही.

*

नवा नियम, माझ्या दुकानापुरता. तोंडाची ट्यूब विकली की बॉक्सवर पेनने तारीख टाकायची. पुढच्या वेळी तोच माणूस आला की जुना बॉक्स मागायचा. तीन आठवडे उलटले असतील तर ट्यूब नाही, चिठ्ठी: तोंड दाखवा. दोन जण रागावून दुसऱ्या मेडिकलमध्ये गेले. एक बाई चिठ्ठी घेऊन सावंगीला गेली. साधा फोड निघाला, दाताचं टोक घासत होतं, ते गुळगुळीत करून दिलं. येऊन मला म्हणाली, "उगंच घाबरवलं जी तुमी." हे वाक्य मला रोज ऐकायला आवडेल.

*

तो साडेनऊचा पोरगा अजून आलेला नाही.

*

तुमच्या घरी तोंडाची अशी ट्यूब असेल तर ती कुणासाठी आणि कधी आणली ते आठवा. तीन आठवडे झाले असतील तर ट्यूब ठेवून द्या आणि त्या माणसाला घेऊन निघा. सोयाबीन थांबतं.